स्वीट पी आणि पिवळा बल्ब: परसातल्या नोंदी, 2024-25

6 ऑक्टोबर 2024, रविवार

परसातली पूर्वेला तोंड असलेली भिंत यंदा स्वीट पी या सुवासिक फुलांच्या वेलाला दिली. भिंतीलगतचा वाफा बारा फूट लांब, दोन फूट रुंद. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत ऊन असतं, मग घराची सावली पडते. फेब्रुवारीत ती सावली उपयोगी पडेल.

पुण्यात या फुलाबद्दल दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, "जानेवारीत काय फुलला होता म्हणून सांगू!" आणि दुसरी, "वेल गच्चीपर्यंत चढला, फूल एक नाही, शिमग्याला वाळून गेला." माती तीच, थंडी तीच. फरक बहुतेक वेळा जातीचा असतो, आणि पाकिटावर जात छापलेलीच नसते. नुसतं 'मिक्स्ड' लिहून वर झकास फोटो.

स्वीट पी दिवसाची लांबी पाहून कळी धरतो. ढोबळमानाने तीन गट आहेत. हिवाळी जातींना सुमारे 10 तासांचा दिवस पुरतो, वसंती जातींना 11 लागतात आणि मोठ्या, झालरदार फुलांच्या स्पेन्सर जातींना 12. पुण्यातला सर्वांत छोटा दिवस साधारण 11 तासांचा. म्हणजे हिवाळी जातीला इथे अडचण कसलीच नाही. स्पेन्सर मात्र 12 तासांची वाट बघत बसतो, आणि तो दिवस उजाडतो मार्चच्या मध्याला, पारा 36 च्या आसपास असताना.

म्हणून वाफ्याचे तीन भाग केलेत. 'अ' मध्ये हिवाळी जात. 'ब' मध्ये स्पेन्सर, काही लाड न करता. 'क' मध्येही स्पेन्सरच, पण डिसेंबरपासून संध्याकाळी वर दिवा. सांगली-सोलापूरकडचे ड्रॅगन फ्रूटवाले रात्री बागेत दिवे लावून बिगरहंगामी फळ घेतात, पॉलिहाउसवाले शेवंतीला दिवे लावून तिचं फुलणं पुढे ढकलतात. मग आठ-दहा वेलांसाठी एक बल्ब लावून बघायला काय हरकत आहे?

9 ऑक्टोबर

माळीदादांकडून दीड फूट खोल चर खणून घेतला. त्यांच्या मते फुलझाडाला एवढा खड्डा म्हणजे पैशाची नासाडी. पण या वेलाचं मूळ सरळ खाली जातं, आणि आमच्याकडची काळी माती फूटभराखाली नुसती चिकट आहे. तळाला विटांचे तुकडे घातले. त्यावर काढलेली माती, निम्मा पोयटा, दोन घमेली जुनं शेणखत, निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा. युरिया अजिबात नाही. नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात, आणि ही तर शेंगवर्गीय वेल, स्वतःचं नत्र स्वतः कमावणारी. काळी माती किंचित अल्कधर्मी असते, ती स्वीट पीला मानवते. चुना घालायची गरज नाही.

चर पाण्याने भरून तसाच ठेवलाय. माती बसू दे.

13 ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

काल रात्री बी भिजत घातलं होतं. सकाळी वाटीत दोन तट पडलेले. काही दाणे फुगून दुप्पट झालेले, काही जसेच्या तसे, खड्यासारखे टणक. टणक राहिलेले बहुतेक गडद रंगाचे आहेत. त्यांचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही. नेलकटरने एकेकाला हलकासा चिरा दिला. डोळ्याची बाजू सोडून, विरुद्ध बाजूला, आणि आतला पिवळसर गर जेमतेम दिसेल इतकाच. खोल गेलं तर बी कुजतं. चिरा दिलेले दाणे पुन्हा पाण्यात टाकले, दुपारपर्यंत तेही फुगले.

मग ओल्या फडक्यात बांधून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले, मटकीला ठेवतो तसे. सासूबाईंनी पुरचुंडी उघडून बघितली आणि विचारलं, "उसळीला एवढेच?" त्यांना आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय: हे बी खायचं नाही. नावात वाटाणा असला तरी बी विषारी आहे.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडे धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. स्वीट पी त्या लाखोळीचाच भाऊबंद, लॅथिरस कुळातला. लाखोळी हेच महिनोन्महिने मुख्य अन्न झालं की माणसाचे पाय लुळे पडतात, हे तिकडे जुन्या लोकांना ठाऊक आहे. स्वीट पीमधलं विष वेगळं आहे, ते हाडांवर आणि सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊतींवर जातं. शेंगा लागल्या की वेलावर पाटी लावायची, शेजारची पोरं परसात येतात.

17 ऑक्टोबर

मोड आले. लावायच्या आधी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून वेलाला नत्र मिळवून देणारे जिवाणू, चोळले. कृषी सेवा केंद्रात काउंटरवरच्या मुलाने हरभऱ्याचं पाकीट पुढे केलं, "सगळं सारखंच असतं, मॅडम." सारखं नसतं. हरभऱ्याच्या गाठींतले जिवाणू वेगळे. स्वीट पीला वाटाणा-मसुराचे चालतात. ते पाकीट मागच्या खोलीतून शोधून आणायला लावलं. गुळाच्या पातळ पाण्यात पावडर कालवली, मोड न मोडता बी त्यात घोळवलं आणि सावलीत सुकवलं.

वर्तमानपत्राच्या उभ्या नळ्या करून त्यांत एकेक बी, इंचभर खोल. मूळ हलवलेलं या रोपाला खपत नाही, तेव्हा नळीसकट लावता येईल अशी सोय. ट्रे गच्चीवर, वर कोंबडीजाळी. जाळी पारव्यांसाठी आणि घुशींसाठी. दोघांनाही हे बी विषारी आहे हे कुणी सांगितलेलं नाही.

4 नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, आज नळ्या वाफ्यात गेल्या. दोन रोपांत आठ इंच. फराळाच्या डब्यांच्या गडबडीत दोन दिवस उशीर झाला, नळ्यांच्या बुडातून पांढरी मुळं बाहेर आली होती. कागद भिजवून तसाच पुरला.

आधाराबद्दल: बांबूवर हा वेल चढत नाही. पानाच्या टोकाचे ताणे दोऱ्याइतके बारीक असतात, त्यांना जाड काठीला वेढा घालता येत नाही. माळीदादांनी गावाहून तुराट्यांची मोळी आणली, त्या तळाशी रोवल्या. वर भिंतीपासून चार बोटं सोडून नायलॉनची जाळी ताणली. मध्ये हवा खेळायला हवी, नाहीतर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, ठरलेलीच.

12 नोव्हेंबर

चार-चार पानं झाल्यावर सगळ्यांचे शेंडे खुडले. हे काम जिवावर येतं, पण खुडलं की बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात आणि त्याच खऱ्या फुलतात. 'क' मधली दोन रोपं मुद्दाम न खुडता ठेवलीत.

3 डिसेंबर

नोव्हेंबरच्या शेवटी कडाक्याची थंडी पडली आणि वेलांनी उडी घेतली. खोडाला दोन्ही बाजूंनी पात्यासारखे पंख फुटलेत, बोट फिरवलं की कडा जाणवते. पण परवापासून आभाळ भरून आलंय. 30 नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं, त्याचे ढग इथवर पोचले. रात्री उकडतंय. डिसेंबरात पंखा लावून झोपलो.

अशा हवेत भुरी येते, आलीच. खालच्या पानांवर पिठाचे ठिपके. ती पानं काढली आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारलं. तापत्या उन्हात गंधक मारलं तर पानं करपतात. शेंड्यांवर थोडा मावा होता, तो बोटांनीच चिरडला.

15 डिसेंबर

बल्ब लागला. बल्बच्या शोधात मंगळवार पेठेतला जुना बाजार पालथा घातला, कारण मला जुना तारेचा 60 वॉटचा बल्ब हवा होता. एलईडी नको होता, त्याला कारण आहे. दिवस लांबला हे झाडाला कळतं ते पानांतल्या एका रंगद्रव्यामुळे, आणि लांब दिवसाला फुलणाऱ्या झाडांवर तांबड्यापलीकडच्या, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या प्रकाशाचा चांगला परिणाम होतो. तारेच्या बल्बमध्ये तो भरपूर असतो. घरगुती पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नसतो. वीज वाचवणारा दिवा इथे नापास.

टायमर पावणेसहा ते सव्वाआठ. सकाळी सातचा सूर्योदय धरला तर 'क' चा दिवस सव्वातेरा तासांचा झाला. महिन्याला साडेचार युनिट. 'ब' वर उजेड जाऊ नये म्हणून मध्ये एका जुन्या फ्लेक्सचा पडदा बांधला. निवडणुकीत उतरलेल्या एका उमेदवाराचा हसरा चेहरा आता 'ब' कडे बघतोय.

शेजारचे काका संध्याकाळी कुंपणावरून म्हणाले, "काय हो, रोपांना रात्रशाळेत घातलंत?"

21 डिसेंबर

सर्वांत छोटा दिवस. 'अ' च्या शेंड्यांत हिरवे बारीक टिंब दिसतायत, पानाच्या बगलेतून निघालेल्या देठावर. कळ्याच. 'ब' आणि 'क' नुसते वाढतायत.

12 जानेवारी 2025

'अ' मधलं पहिलं फूल, फिकट जांभळं. उद्या भोगी, परवा संक्रांत, मुहूर्त चांगला साधला.

भिंगातून बघितलं. मागे एक मोठी उभी पाकळी, मधोमध पन्हळ पडलेली. तिच्यापुढे दोन पंख एकमेकांवर मिटलेले. पंख बाजूला केले की आत होडीच्या आकाराची जोडपाकळी, तिची शिवण वरून जरा उघडी. टाचणीने होडी खाली दाबली तर दहा पुंकेसर दिसले, नऊ एका नळीत चिकटलेले आणि दहावा सुटा. आणि परागपिशव्या आधीच फुटलेल्या! दुसरी एक कळी, अजून न उमललेली, सोलून पाहिली. तिच्यातही पराग सुटून कुक्षीला लागलेले. म्हणजे मधमाशी येईपर्यंत फुलाचं लग्न होऊन गेलेलं असतं. म्हणून शेजारी शेजारी दहा रंग लावले तरी बी सहसा भेसळत नाही. बी धरणाऱ्यांना हे फार सोयीचं.

19 जानेवारी

'अ' भरात आहे. रोज सकाळी कात्री घेऊन जाते. देठावरचं सर्वांत वरचं फूल अर्धवट उमललेलं असताना कापायचं. कापणं हा इथे हौसेचा भाग नाही, ती मशागतच आहे. शेंग धरली की वेलाला वाटतं काम झालं, आणि कळ्या येणं थांबतं. गेल्या आठवड्यात गावाला गेले होते तेवढ्यात खालच्या देठांवर शेंगा लटकल्या, त्या आल्याबरोबर काढून टाकल्या.

फुलं पेल्यात चार-पाच दिवस टिकतात, एका अटीवर: शेजारी केळ्यांचा घड किंवा पिकलेले चिकू नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो या फुलांना चालत नाही. जेवणाच्या टेबलावरचा पेला एका रात्रीत माना टाकून बसला, बैठकीतला ताजा राहिला. दोन्ही एकाच वेळी कापलेले.

वासाबद्दल घरात मतभेद आहेत. मला तो संत्र्याच्या फुलाच्या जवळचा वाटतो. सासूबाई म्हणतात, "बरा आहे. मोगऱ्यापुढे काही नाही." गजऱ्यातही तो बसत नाही, पाकळ्या दोऱ्याने फाटतात. देवापुढे पेल्यात ठेवला, तो मात्र त्यांना आवडला.

25 जानेवारी

एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन बघून आले. तिथल्या कुंड्या बघितल्या की घरचा वाफा जरा किरकोळ वाटतोच. पण संध्याकाळी बल्बखाली 'क' ची पानं उलटसुलट करून बघितली आणि कळ्या दिसल्या! खुडलेल्या आणि न खुडलेल्या, दोन्ही रोपांवर. पडद्यापलीकडच्या 'ब' वर एकही नाही. काकांना हाक मारून दाखवलं. "म्हणजे रात्रशाळेचा निकाल लागला," म्हणाले.

9 फेब्रुवारी

'क' मध्ये स्पेन्सर फुलला. 'अ' च्या फुलापेक्षा सव्वापट मोठा, उभ्या पाकळीची कड पूर्ण झालरदार, एका देठावर तीन-तीन, क्वचित चार फुलं. न खुडलेल्या दोन रोपांवर पहिलं फूल चार-पाच दिवस आधी आलं, पण फांद्या कमी असल्याने एकूण फुलं निम्मीच. यापुढे सगळी खुडायची.

ही झालर कुठून आली ते सांगण्याजोगं आहे. मूळ रानवेल सिसिलीचा. तिथल्या फ्रान्सिस्कस क्युपानी या धर्मगुरूने 1699 मध्ये त्याचं बी इंग्लंडला एन्फिल्डच्या रॉबर्ट युव्हडेलकडे पाठवलं. तेव्हाचं फूल लहान, दोनरंगी, घमघमीत. एकोणिसाव्या शतकात हेन्री एकफर्डने श्रॉपशरमधल्या वेम गावी मोठ्या फुलांच्या जाती तयार केल्या. आणि 1901 मध्ये ऑल्थॉर्पला, अर्ल स्पेन्सरच्या बागेत, सायलस कोल या मुख्य माळ्याची झालरदार गुलाबी 'काउंटेस स्पेन्सर' लोकांपुढे आली. नाव घराण्याचं लागलं, माळ्याचं नाही. जगभर हेच चालतं.

सिसिलीत हिवाळा पावसाळी आणि सौम्य, उन्हाळा कोरडा. बी शरदात रुजतं, वेल हिवाळाभर वाढतो आणि वसंतात दिवस लांबले की फुलतो. तिथे 12 तासांचा दिवस होतो तेव्हा हवा आल्हाददायक असते, इंग्लंडात तर गारच. दिल्ली-लखनौच्या बागांतही फेब्रुवारी-मार्चपर्यंत थंडी रेंगाळते, म्हणून तिकडे हा वेल दिमाखात फुलतो. आपल्याकडे थंडी आणि लांब दिवस यांची गाठच पडत नाही. बल्बने घातली ती नेमकी ही गाठ.

26 फेब्रुवारी, महाशिवरात्र

थंडी संपल्यात जमा. दुपारी पारा 34 च्या वर जातोय. वाफ्यावर वाळक्या पानांचं आच्छादन पसरलं, पाणी आता रोज, पण सकाळीच आणि मुळाशी. 'अ' चे देठ आखूड होत चाललेत. 'क' अजून जोरात, पण भर दुपारी कळ्या पिवळ्या पडून गळतायत. 'ब' वर आज पहिल्या कळ्या दिसल्या, म्हणजे 'क' च्या महिनाभर मागे. दिवस अजून पुरा 12 तासांचा नाही, पण पहाट आणि सांजेचा संधिप्रकाशही वेल धरत असावा.

बल्ब काढला. आता उपयोग नाही.

11 मार्च

'ब' फुलला म्हणायचं का? देठ चार बोटं, त्यावर एखाददुसरं फूल, झालरीच्या कडा उमलतानाच करपलेल्या. पानांच्या मागे लाल कोळी, बारीक जाळ्या आणि धुळीसारखे सरकणारे ठिपके. पाण्याचा जोरदार फवारा मारला की दोन दिवस कमी होतात, मग पुन्हा येतात. निंबोळी अर्क मारून बघितला, फारसा फरक नाही. एवढ्यासाठी कोळीनाशक आणणार नाही.

पुण्यात स्पेन्सर फुलत नाही असं जे सरसकट म्हणतात, त्यात एवढी दुरुस्ती करायला हवी: तो फुलतो, पण फुलण्यासारखी हवा संपल्यावर. आठ-दहा वेलांवरून सिद्धांत मांडायचा नाही हे मान्य. तरी एकाच मातीत, एकाच बियाण्यात, फ्लेक्सच्या दोन बाजूंना महिन्याचा फरक पडला, तो डोळ्याआड करता येत नाही.

23 मार्च

कापणी बंद केली. प्रत्येक रंगाच्या एकेका चांगल्या वेलावर शेंगा राखल्या, दोऱ्याच्या खुणा बांधल्या. पाटीही लावली: 'शेंगा खाऊ नयेत.' शेजारच्या दुसरीतल्या चिरंजीवांनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मग लावल्या कशाला?"

जांभळा आणि पांढरा यांच्या शेंगा वेगळ्या ठेवतेय, त्याचं कारण गमतीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये बेटसन आणि पनेट या आनुवंशिकतेच्या अभ्यासकांनी पांढऱ्या फुलांच्या दोन जातींचा संकर केला तर पुढच्या पिढीत सगळी फुलं जांभळी निघाली. रंगाला दोन वेगवेगळी जनुकं लागतात. एका पांढऱ्यात एक बिघडलेलं, दुसऱ्यात दुसरं. संकरात दोन्ही चांगली एकत्र आली की रंग परत. याच स्वीट पीमध्ये त्यांना फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार जोडीने पुढच्या पिढीत जाताना दिसले, आणि जनुकांची सांगड असते हे पहिल्यांदा ध्यानात आलं. पुढच्या वर्षी दोन पांढऱ्यांचा संकर करून बघायचा मानस आहे. कळी उमलायच्या आधी चिमट्याने पुंकेसर काढावे लागतील, चष्म्याचा नंबर वाढलाय तेवढीच अडचण.

6 एप्रिल

पाडवा झाला. शेंगा तपकिरी झाल्या होत्या, आज दुपारी वाळलेल्या काढल्या. उशीर करून चालत नाही. कडक उन्हात शेंगेच्या दोन फाकी उलट दिशांना पीळ घेतात, तडकन फुटतात आणि बी दहा फुटांवर जाऊन पडतं. परातीत ठेवलेल्या शेंगा संध्याकाळपर्यंत तडतडत होत्या. परातीवर पंचा टाकला.

बी सावलीत सुकवून कागदी पाकिटांत, वर जात, रंग आणि वाफ्याचा भाग लिहून. पाकिटं घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, 'विषारी, खाऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवून.

वेल उपटले नाहीत, जमिनीलगत कापले. एकच उकरून पाहिला: बाजूच्या मुळांवर लहान लहान गाठी, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही झुपक्याने. नखाने फोडल्या तर आतून गुलाबी, म्हणजे जिवाणू कामावर होते. जुन्या झालेल्या हिरवट पडल्या होत्या. हे सगळं मातीतच राहू दे.

जाळी चांगली आहे, ती काढत नाही. त्याच चरात परवा दोडका लावतेय. ऑक्टोबरसाठी यादी: हिवाळी जात निम्म्या वाफ्यात, उरलेला सगळा स्पेन्सर दिव्याखाली, दिवा 15 नोव्हेंबरपासून म्हणजे फुलं जानेवारीतच येतील. 'ब' बंद. तारेचे आणखी दोन बल्ब मिळतील तेव्हा घेऊन ठेवायचे.